तांबव्वा कशी दिसायची

दसऱ्याच्या आदल्या दिवशी या शहरात यंत्रांना सुट्टी असते. माणसांना असो नसो, यंत्रांना असते. बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात सकाळीच आयुधपूजा उरकली. गिअरचे दात मोजायचं एक यंत्र माझ्या ताब्यात आहे. त्याच्या अंगावर मी कुंकवाची बोटं ओढली, झेंडूची माळ घातली आणि बटण बंद केलं. एरवी घूं घूं करणारी शेड इतकी गप्प झाली की पत्र्यावर कबुतरं चालल्याचं ऐकू यायला लागलं. मग चुरमुऱ्यांच्या पुड्या हातात घेऊन जो तो आपापल्या माणसांकडे पळाला. माझं घर म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिटीतली एक खोली आणि तिच्या गॅलरीतून दिसणारा उड्डाणपूल. तिथं माझी वाट बघणारं कोणी असेल तर फ्रिज. पण या वेळी अक्कांचा फोन आला होता.

"बोंबे मांडल्यात गे. ये. ह्या वर्षी नवी बोंबे आणायला मला होईना, गुडघे धरलेत. येताना तूच एक आण. सरी?"

अक्का म्हणजे जे. पी. नगरमधल्या आमच्या जुन्या घरमालकीण. त्यांचं घराणं मराठी, पण किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यांनाही ठाऊक नाही. मराठी बोलता बोलता त्या कन्नडमध्ये कधी शिरतात आणि कधी परततात, ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. दसऱ्याला त्या घरात बाहुल्या मांडतात, पायऱ्या पायऱ्यांवर. त्या बाहुल्या म्हणजे बोंबे. दर वर्षी त्यांत एक तरी नवी आलीच पाहिजे, असा रिवाज.

माझ्याकडे कपाटात एकच बाहुली होती. वीतभर उंचीची, करड्या प्लास्टिकची. तिला तांबव्वा म्हणतात. ती जुन्या ओढणीत गुंडाळली, पिशवीत टाकली आणि निघाले. खरं सांगायचं तर मला ती नकोशी झाली होती. ती आल्यापासून माझी खरी तांबव्वा मला दिसायची बंद झाली होती, आणि ती दिसत नाही तोवर या शहरात मी मलाही धड दिसत नव्हते. अक्कांच्या पायऱ्यांवर हिला एकदा बसवली की निदान कपाट तरी मोकळं होईल, असं मनात होतं.

बसच्या नाकावर केळीचे खांब बांधले होते. रस्त्यात जागोजागी कुंकवाने माखलेले कोहळे फुटून पडले होते, आणि दुचाकीवाले त्यांना वळसा घालत जात होते. अक्कांच्या गल्लीत शिरले तशी ओल्या अंगणाचा आणि उसळीवर पडलेल्या ओल्या खोबऱ्याचा वास आला. फाटकाशी त्यांच्या यजमानांची, अण्णांची, जुनी स्कूटर न्हाऊनमाखून उभी होती. दोन्ही चाकांखाली लिंबं होती. मी वर बघितलं. बाहेरून जाणारा जिना तोच होता, पण वरच्या दाराशी चपला अनोळखी होत्या.

वरच्या त्या दोन खोल्यांत मी आणि मृणाल राहायचो. ती नागपूरची, कुठल्याशा कंपनीत कोडिंग करायची आणि उरलेल्या वेळात बंगळुरूच्या उन्हाला हसायची. रविवारी जेवणं झाली की केदार यायचा. तो पुण्याचा. त्याच्याकडे फाशांची एक मखमली थैली असायची, आणि जिना चढताना ती खुळखुळायची. तो आवाज आला की माझा आठवडा सुरू व्हायचा. सोमवार ते शनिवार म्हणजे त्या आवाजाची वाट बघणं होतं.

खेळ असा, की त्यात पट नाही, पत्ते नाहीत आणि जिंकणंही नाही. एकजण गोष्टीतलं जग सांगतो. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. करायला गेलेलं साधलं की फसलं, ते फासा ठरवतो. बाकी सगळा तोंडचा कारभार. जग सांगायचा मान अर्थातच केदारचा. पुण्याचा असल्यामुळे आपण एक जग निर्माण केलंय याचं त्याला स्वतःला विशेष नवल वाटायचं नाही.

त्या जगात माणसांच्या शेजारी एक धातूची जमात राहायची. कळवंशी. कुणा कारागिरांनी त्यांना घडवलं, मग कारागीर मेले आणि हे उरले. ते काय खातात, थंडीत कसे आखडतात, त्यांना कोण भाड्याने जागा देत नाही, हे सगळं केदार रंगवून सांगायचा. दिसतात कसे, एवढंच सांगायचा नाही.

"रूप सांगायचं नाही," हा त्याचा नियम होता. "चित्र काढायचं नाही, नेटवरचा फोटो दाखवायचा नाही. आवाज सांगा, वास सांगा, चाल सांगा. चेहरा ज्याचा त्यानं लावायचा. एकदा फोटो दाखवला की सगळे तो फोटोच खेळतात."

"अन् मी एखाद्या कळवंशीला मिक्सर समजली तर बे?" मृणालने विचारलं.

"तर ती तुझ्यापुरती मिक्सर."

मृणालने चोरटी घेतली, कारण तिला खोटं बोलायला आवडायचं. मी कळवंशी घेतली. नाव ठेवलं तांबव्वा. मी निपाणीची, आमच्याकडे गंगव्वा असतात, यल्लव्वा असतात, मग ही तांबव्वा. बोलायच्या आधी तिच्या आतून बारीक 'सूं' यायचं. ते मी दातांतून काढायचे. पाणी तापल्याशिवाय तिला शब्द फुटायचा नाही. केदार आणि मृणाल थांबायला शिकले होते. तिच्याजवळ उभं राहिलं की ऊब लागायची. ती विचारात पडली की तिच्या पोटात निखारा ढासळल्याचा आवाज व्हायचा. आणि रडायची वेळ आली की कुठून तरी एक थेंब गळायचा, तो थांबायचा म्हणून नाही. इतकं सांगितल्यावर ती न दिसायला काय झालं, असं मला वाटायचं.

मला तर ती लख्ख दिसायची. ती आमच्या निपाणीच्या न्हाणीतला बंब होती.

तांब्याचा, कमरेएवढा, दोन कानांचा बंब. मधून धुराडं, खाली जाळी, पुढे पितळी तोटी. गल्लीत सगळीकडे तंबाखूचा उग्र वास, पण न्हाणीत पाऊल टाकलं की फक्त जळत्या करवंटीचा. थंडीच्या दिवसांत भावंडांत माझा आंघोळीचा नंबर शेवटचा, म्हणून मी वाट बघत बंबाशेजारी पाटावर बसून राहायचे. पाणी उकळायच्या आधी तो बारीक आवाजात गायचा. मध्येच जाळीतून निखारा राखेत पडायचा आणि मी दचकायचे. तोटी कितीही आवळली तरी थेंब थेंब गळायचीच. मी त्याच्याशी बोलायचे. शाळेतलं, मैत्रिणींतलं, आईला न सांगण्यासारखं. तो सूं करायचा, आणि मला ते उत्तर पुरायचं. दिवाळीच्या आधी आई चिंच आणि राख घेऊन त्याला घासायला बसायची. घासून झालं की तो गुलाबी दिसायचा, ताप उतरलेल्या लेकरासारखा. त्याच्या पोटात आम्हा भावंडांचे चेहरे लांबट होऊन हसायचे. मग एक दिवस शाळेतून आले तर न्हाणीच्या कोपऱ्यात फक्त काळा गोल डाग होता, आणि भिंतीवर पांढराशुभ्र गिझर. हल्ली तसे बंब हॉटेलांच्या दारात मनी प्लँट लावून उभे केलेले दिसतात. मी तिथून मान खाली घालून जाते.

रविवारची ती दुपार मला अजून वासांनी आठवते. अक्का सूप घेऊन वर यायच्या आणि आमच्या दारात उजेडाला बसून शेंगा सोलायच्या, दसऱ्याच्या सुमारास भुईमुगाच्या, हिवाळ्यात अवरेकायच्या, म्हणजे पावट्याच्या. त्या शेंगांचा चिकट हिरवा वास सगळ्या खोलीत भरायचा. टेबलही त्यांचंच होतं. त्याचा एक पाय आखूड होता, म्हणून केदारने खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. फासा टेबलावर गडगडायचा, शेंगा तडतडायच्या, आणि आमच्यातलं कोणी ओरडलं की अक्का मान वर न करता म्हणायच्या, "स्वल्प हळू रे, अण्णा निजलेत." त्या ऐकत असतील असं आम्हाला कधी वाटलं नाही.

एकदा आयुधपूजेची नवमी रविवारीच आली होती. केदारने त्या दिवशी त्याच्या जगातही तोच सण आणला. आम्ही एका गावात पोचलो, तर गावकरी नांगर, जाती, रहाट सगळं पुजत होते. एक म्हातारी ताट घेऊन तांबव्वासमोर आली. तिने तांबव्वाच्या पायाखाली लिंबू ठेवलं आणि पोटावर कुंकवाची बोटं ओढली.

"काहून? ती काय स्कूटर आहे?" मृणाल भडकली.

"गावकऱ्यांना तसंच वाटतं," केदार म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तांबव्वा काय करते?"

मी सूं केलं. दोघं थांबले. मग मी म्हणाले, "तांबव्वा ताटातलं कुंकू बोटाला घेते आणि म्हातारीच्या कपाळाला लावते."

केदारने फासा उचलला होता, तो त्याने परत खाली ठेवला. कुंकू लावून घेतलं की समोरच्या बाईला उलट लावायचं, हे घरोघरी बायका बोलता बोलता करतात. यंत्र मात्र उलट लावत नाही. लिंबू चिरडून निघून जातं.

"याला फासा नको," केदार हळूच म्हणाला. दारातलं शेंगांचं तडतडणं थांबलेलं होतं.

पुढे केदारचं जर्मनीला जायचं ठरलं. मृणालच्याही घरून बोलावणी यायला लागली. आठवण म्हणून तांबव्वाची मूर्ती करून मला द्यायची, ही टूम मृणालची. प्लास्टिकच्या धाग्यातून हवी ती वस्तू छापून देणारं एक दुकान तिने शोधलं होतं. दुकानदाराने साधा प्रश्न विचारला, दिसते कशी? आणि इतक्या रविवारांनंतर आम्ही पहिल्यांदा एकमेकांना रूप सांगायला बसलो.

केदारची तांबव्वा लोखंडी होती. विजेच्या खांबासारखी उंच, सडपातळ, डोळ्यांच्या जागी फटी.

"अबे हट्! ती तर हिच्यासारखी दिसते," मृणाल म्हणाली. "स्टीलची आहे, पण चेहरा हिचाच. चष्मा पण आहे तिला."

"आणि तुझी?" दोघांनी मला विचारलं.

बंब म्हणायला माझी जीभ रेटली नाही. त्या दोघांच्या तांबव्वा इतक्या देखण्या होत्या, आणि माझी न्हाणीतली. मी म्हणाले, "पोट जरा मोठं ठेवा." झालं. केदारची उंची, मृणालचा चष्मा आणि मी मागितलेलं पोट, अशी ती छापून आली. तीन घरची पाहुणी उपाशी म्हणतात तसं तिचं झालं, तिघांची असून कुणाचीच नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या, तिच्यासोबत फोटो काढले. आणि त्या दिवसापासून मी डोळे मिटले की तीच दिसायला लागली. करडी, लांबुडकी, पोट सुटलेली. मी निपाणीची न्हाणी आठवून बघायचे. पाट दिसायचा, राख दिसायची, आणि बंबाच्या जागी ही उभी.

मग खोल्या रिकाम्या झाल्या. केदार गेला, मृणाल नागपूरला गेली, मी कारखान्याच्या जवळ म्हणून इलेक्ट्रॉनिक सिटीत आले. एकदा आम्ही कॉम्प्युटरवरून खेळून पाहिलं. तिघांचे तीन चौकोन. केदारकडे अजून सकाळ, त्याच्यामागे परक्या देशातली खिडकी. तांबव्वाची पाळी आली, मी सूं केलं.

"हॅलो? तुझा आवाज येत नाहीये," केदार म्हणाला.

मी पुन्हा केलं. "काहीच ऐकू नाही येत ना," मृणाल म्हणाली. तिकडच्या यंत्रणेला तो आवाज म्हणजे पंख्याची घरघर वाटत होती, ती तो आपणहून पुसून टाकत होती. शेवटी मी सूं न करताच बोलले, आणि ते तांबव्वाचं बोलणं नव्हतं. त्यानंतर कोणी पुढची तारीख काढली नाही. आमचा ग्रुप अजून आहे. त्यात वाढदिवसाला केक येतात.

एकटेपणाची सवय होते असं लोक सांगतात. मला झाली नाही. मला फक्त तो लपवायची सवय झाली.

अक्कांनी दार उघडलं. गुडघ्यावर हात, पण साडी नवी. "आलीस! अगे, किती वाळलीस. आता ऊट करूनच जायचं, सांगून ठेवते," म्हणजे जेवूनच. आत पायऱ्या मांडल्या होत्या, वर पांढरं धोतर अंथरलेलं. सगळ्यांत वर लाकडी राजा-राणी, खाली देवादिकांची गर्दी, वाणी आणि त्याची वाणीण, वाजंत्रीवाले. सगळ्यांत खालची रुंद पायरी ओळखीची वाटली. धोतराचा काठ जरा वर झाला होता, खाली आमचं टेबल होतं, आणि त्याच्या आखूड पायाखाली केदारची पुठ्ठ्याची घडी अजून तशीच होती. मी खाली बसले ती तिथंच बसून राहिले.

"काय आणलंस बघू," अक्का म्हणाल्या.

मी ओढणी सोडली. अक्कांनी प्लास्टिकच्या बाहुलीला आपला चष्मा वरखाली करून न्याहाळलं. "अय्यो, ही कोण गे?"

"ही तांबव्वा, अक्का. आमच्या खेळातली."

"छे छे! ही कशी तांबव्वा होईल? तांबव्वा तर कधीची बसलीय की वर. तिकडं बघ."

तिसऱ्या पायरीवर, वाणिणीच्या शेजारी, अंगठ्याएवढा तांब्याचा बंब होता. भातुकलीतला. दोन कान, धुराडं, खाली जाळी, आणि मुंगीला पाणी पाजावं एवढी तोटी. चिंचेने घासून गुलाबी केलेला.

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात कळायचं काय? बोलायच्या आधी तू सूं करायचीस. निखारा पडला म्हणायचीस, थेंब गळतो म्हणायचीस. मी शेंगा सोलत बसायचे, मला वाटायचं, आमच्या चामराजपेटच्या घरातला बंबच आला बघ बोलायला. ती दोघं लेकरं गिझरवरची, त्यांना काय ठाऊक? तुम्ही गेलात त्या वर्षापासून मांडते मी तिला. पोरं विचारतात, ही कोण? मी सांगते, ही आमच्या वरच्या मजल्यावरची."

"मग कधी बोलला का नाहीत, अक्का?"

"अय्यो, तो तुझा दोस्त सांगायचा ना, रूप सांगायचं नाही म्हणून. मग मी कशी सांगू?"

मी रडले. ओढणी हातात होतीच. टेबलापाशी आम्ही तिघं होतो, आणि मला वाटत राहिलं होतं की आपण कुणालाच दिसलो नाही. दारात सूप घेऊन बसलेल्या बाईला मी दर रविवारी दिसत होते, न्हाणीतल्या त्या वासासकट, आणि तिने ते नियम म्हणून पोटात ठेवलं होतं. मी डोळे मिटून पाहिलं. पाट होता. राख होती. आणि कोपऱ्यात तांबूस काहीतरी हळूहळू तापत होतं.

अक्का आत गेल्या आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. करड्या बाहुलीला त्यांनी खालच्या पायरीवर जागा दिली. "राहू दे हिलाही, पाहुणी म्हणून," म्हणाल्या. मला कुंकू लावलं, मी त्यांना उलट लावलं. मग गुडघ्यावर भार देत त्या तिसऱ्या पायरीशी वाकल्या, आणि त्या इवल्या तांब्याच्या पोटावर बोटं न ओढता, वर धुराड्याखाली, जिथं कपाळ असतं तिथं एक ठिपका ठेवला.

"कुठं होतीस गे इतके दिवस?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, तिच्याकडे बघून.

मी ताटातलं कुंकू बोटाला घेतलं. दातांतून बारीक सूं काढलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, बाहेर कुणीतरी कोहळा फोडला. अक्का कपाळ पुढे करून, ताट हातात धरून, तशाच वाकून उभ्या राहिल्या. तांबव्वाला बोलायच्या आधी पाणी तापू द्यावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.